खंडेनवमीचा सर्व्हर

"नारळ कुठं फोडायचा?" आबासाहेबांनी विचारलं, आणि बोंद्रे साहेबांनी हात थेट सर्व्हरच्या कपाटाकडे केला.

"इथं नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की पूजेचं ताट धरून उभे असलेले शेवाळे मामा दचकले. "पाणी आत गेलं तर सगळं भंगारात द्यावं लागेल. बाहेर पायरीवर फोडा."

मी देव बाटवल्यासारखं बोंद्रे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. मोटारीच्या किल्लीनं कान कोरायची त्यांना सवय होती, आणि कोरून झालं की तीच किल्ली ते टेबलावर फायलींच्या मधोमध ठेवायचे. त्या टेबलावरचा चहा मी पाच वर्षांत कधी प्यायले नाही. मला शिसारी येते तेव्हा ती चेहऱ्यावर दिसते, आणि नोकरीत हा दुर्गुणच समजतात.

आबासाहेब मात्र हसले. ते मंडळाचे अध्यक्ष. रुग्णालय, नर्सिंग कॉलेज, इंजिनिअरिंग कॉलेज, सगळं त्यांनीच उभं केलेलं. तरुणपणी कराडात एका कारखान्यात लेथ चालवायचे, हे ते प्रत्येक भाषणात सांगायचे, आणि खरंही होतं.

"पोरगी बरोबर बोलतीय," ते म्हणाले. "यंत्राचं तिला कळतं. नारळ बाहेर फोडू." मग त्यांनी वाटीत अंगठा बुडवला, वाकले आणि सर्व्हरच्या चालू-बंद करायच्या बटणाच्या बरोब्बर वर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं. मागे सरले. कान देऊन ऐकल्यासारखं करत म्हणाले, "आज आवाज नाही ओ याचा. एरवी कसं गिरणीगत घरघर करतंय."

"बंद आहे, आबासाहेब," मी म्हणाले. "खंडेनवमी ना."

"चांगलं केलंस. लेथसुद्धा आम्ही या दिवशी बंद ठेवायचो. हात लावायचा नाही म्हणजे नाही. वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस टेकू दे की."

शेवाळे मामांनी झेंडूचा हार आणला होता, तो त्यांनी हौसेनं हवा आत घ्यायच्या जाळीवरच टांगला. सगळे पेढे खात बाहेर पडल्यावर मी तो काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, दार आतून लावलं आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता त्या कामाला बसले.

खटाटोप काय होता ते आधी सांगते.

मंडळाचा सर्व्हर एकच होता, मोठा आणि महाग. आत त्याचे वाटे पाडलेले होते. एक वाटा रुग्णालयाच्या नोंदणीला, एक प्रयोगशाळेला, एक कॉलेजच्या ग्रंथालयाला, एक वसतिगृहाला, एक खानावळीला, असे. प्रत्येक वाट्याला वाटतं आपण स्वतंत्र संगणक आहोत. पण मेमरी सगळ्यांत मिळून एकच, आणि ती सुट्टी देता येत नाही. ठरावीक मापानं द्यावी लागते. दाणे मोजायला घरात चिपटं असतं, शेर असतो, पायली असते, तसंच. सर्व्हर बसवताना हे माप किती ठेवायचं ते एकदाच ठरवायचं. आमच्याकडे ते बोंद्रे साहेबांनी ठरवलं होतं, आणि त्यांनी सगळ्यांत मोठं माप निवडलं होतं. का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मोठं ते चांगलं."

आता ज्याला मूठभर दाणे पुरतात त्यालाही पायली द्यायची म्हटल्यावर काय होणार? खानावळीचा वाटा आपल्या पायलीच्या तळाशी चार दाणे घेऊन बसला होता. ग्रंथालयाचं तेच. आबासाहेबांच्या अमृतमहोत्सवासाठी एक पान बनवलं होतं, त्यावर त्यांचे फोटो आणि सनईचा आवाज, त्यालाही एक वाटा आणि दोन पायल्या. उरलेलं एकाकडून काढून दुसऱ्याला देता येत नव्हतं, कारण पूर्ण माप कुणाकडेच शिल्लक नव्हतं. या भरल्या घरात उपाशी होती ती फक्त प्रयोगशाळा. सकाळी बाह्यरुग्ण विभागात गर्दी झाली की तिचे पडदे गोठायचे.

"निदान ते सनईचं पान तरी बंद करू," मी म्हणाले होते.

"आबासाहेबांचं पान? मॅडम, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग माप लहान करू. सगळ्यांना पुरेल."

"करा की. कोण नको म्हणतंय?"

"त्यासाठी सगळे वाटे थांबवून सर्व्हर पूर्ण बंद करावा लागतो. मगच नवीन माप धरतो तो."

त्यावर बोंद्रे साहेबांनी किल्ली कानातून काढली. "बंद? खाली बोर्ड बघितलाय का तुम्ही?"

बोर्ड कोण बघत नव्हतं! रुग्णालयाच्या दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर लाल दिव्यांचा फलक होता. वर लिहिलेलं ‘अखंड सेवा’, आणि खाली सर्व्हर न थांबता किती दिवस चालू आहे तो आकडा. पुढारी आले, पाहुणे आले, की साहेब त्यांना आधी त्या बोर्डासमोर उभे करायचे. फोटो निघायचे. सर्व्हर एकदा बंद झाला की तो आकडा शून्यावर येणार. या एका आकड्यापायी वर्षभर प्रयोगशाळेतल्या पोरी गोठलेल्या पडद्यासमोर हात चोळत बसत होत्या. मला तो बोर्ड दिसला की तोंडात कडू पाणी यायचं.

आणि मग भाद्रपदात ते घडलं.

उंब्रजची एक बाई बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. वॉर्डातून रक्ताची मागणी संगणकावर टाकली. साहेबांचं परिपत्रकच होतं, मागणी फोनवर घ्यायची नाही, संगणकावरच घ्यायची. सकाळची गर्दी होती. मागणी निघाली आणि वाटेतच अडकली. प्रयोगशाळेत सिंधू लोखंडे नावाची तंत्रज्ञ बसलेली होती, तिच्यासमोरचा पडदा गोठलेला. अखेर वॉर्डातली आया पळत आली तेव्हा तिला कळलं. तिनं धावत जाऊन पिशव्या काढल्या, जुळवून दिल्या, पण तोवर फार वेळ गेला होता. बाई वाचली. गर्भाशय काढावं लागलं. पहिलंच बाळंतपण, वय बावीस.

दुसऱ्या दिवशी सिंधूला मेमो मिळाला. ‘आपण जागेवर नव्हता, मागणीकडे दुर्लक्ष केलंत.’ चौकशी होईपर्यंत निलंबित करायला हवं होतं, पण तिच्या जागी बसवायला दुसरं माणूस नव्हतं. म्हणून तिला दोषी ठरवून कामावर ठेवलं. असं फक्त आमच्याच मंडळात होऊ शकतं.

मेमो घेऊन ती माझ्याकडे आली होती. चाफळकडची पोरगी, वडील नाहीत, धाकट्या भावाचं शिक्षण तिच्याच पगारावर. रडली नाही. कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मी जागेवरच हुते. पडदा गोठला हुता. तुमास्नी म्हाईत हाय का न्हाई?"

"माहीत आहे."

"मग चौकशीत सांगशीला?"

"सांगेन."

आणि त्याच दिवशी मी ठरवलं की हे माप आता बदलायचंच. पुन्हा कुणा बाईवर ती वेळ यायला नको. बोंद्रे साहेबांकडे गेले. तोवर नवरात्र बसलं होतं. ते म्हणाले, "नवरात्रात नंदादीप विझवतात का मॅडम? अखंड म्हणजे अखंड."

तिथंच मला सुचलं. मी त्यांना वळसा घालून सरळ आबासाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "खंडेनवमीला मंडळातली सगळी यंत्रं बंद ठेवून पुजतात. वर्कशॉपमधली लेथ, प्रेसमधलं मशीन, रुग्णवाहिकासुद्धा धुऊन पुजतात. सर्व्हर तेवढा बारा महिने राबतोय. त्यानं काय घोडं मारलंय?"

आबासाहेबांचा जुना लेथवाला जागा झाला. "खरंच की! आजवर कुणी बोललं कसं न्हाई?" त्यांनी तिथूनच बोंद्रे साहेबांना फोन लावला. त्यांच्या शब्दापुढे साहेबांचा नंदादीप काय टिकणार! बाह्यरुग्ण विभागाला सुट्टी होतीच. तातडीचं काही आलं तर त्या दिवसापुरता फोन आणि चिठ्ठ्या चालतील, असं ठरलं.

तर असा तो बंद झाला, असं त्याला कुंकू लागलं, आणि दार लावून मी माप बदललं. पायलीच्या जागी चिपटं. एकेक वाटा पुन्हा उभा केला. खानावळीला दोन चिपटी, ग्रंथालयाला चार, सनईला एक आणि वर माझी एक शिवी. वाचलेलं सगळं प्रयोगशाळेला. दुपारी सर्व्हर घरघरायला लागला तेव्हा मीच खुर्चीवरचा हार काढून गळ्यात घातला आणि फिरक्या घेतल्या. कुणी बघायला नव्हतं म्हणून बरं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग उघडला, गर्दी झाली, आणि सिंधूचा फोन आला.

"मॅडम, काय केलंय तुमी? बटन दाबायच्या आदीच उमटतंय!"

ती हसत होती. मेमो मिळाल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. मीही हसले. एवढा सरळ पुरावा हातात होता, तिचं काही वाकडं होईल असं मला वाटतच नव्हतं.

चौकशी त्याच आठवड्यात आबासाहेबांच्या केबिनमध्ये झाली. आबासाहेब, बोंद्रे साहेब, मंडळाचे वकील, एका कडेला सिंधू आणि दुसऱ्या कडेला मी. टेबलावर दसऱ्याची आपट्याची पानं अजून ताटात होती, सुकून कडेनं वळलेली. वकील मधूनमधून काजू तोंडात टाकत होते.

मी सगळं सांगितलं. माप, पायली, उपाशी प्रयोगशाळा. कुणालाही समजेल असं. "खंडेनवमीला सर्व्हर बंद करून आपण माप बदललं. त्या दिवसापासून एकदाही पडदा गोठलेला नाही. म्हणजे दोष मापात होता, सिंधूत नव्हता."

वकिलांनी काजू चावत बोंद्रे साहेबांकडे पाहिलं. साहेब घसा खाकरून म्हणाले, "आबासाहेब, आपण समक्ष बघू या."

आम्ही सगळे प्रयोगशाळेत गेलो. ऐन गर्दीची वेळ. साहेबांनी वॉर्डातून एक मागणी टाकायला सांगितली. ती पडद्यावर अशी टपकन उमटली की वकील "वा!" म्हणाले.

"बघा," साहेब म्हणाले. "यंत्र तर पळतंय. मग त्या दिवशी काय धाड भरली होती?"

"पण हे आत्ता पळतंय!" मी म्हणाले. "बदलल्यानंतर!"

"काय बदलल्यानंतर? सर्व्हर एकदाही थांबलेला नाही मॅडम. खाली बोर्ड आहे. साऱ्या जगाला दिसतो."

मला क्षणभर आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. खाली उतरून पाहिलं. बोर्डावर तोच चढता आकडा, कुठेही न तुटलेला. दसऱ्यापासून मी त्या भिंतीकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं. मी वर पळाले आणि सर्व्हरमधल्या बंद-चालूच्या नोंदी छापून आणल्या.

वकिलांनी कागद हातात न घेताच विचारलं, "या नोंदी कोण ठेवतं?"

"सर्व्हरच ठेवतो. माझ्या देखरेखीखाली."

"म्हणजे तुम्हीच." आणि त्यांनी आणखी एक काजू उचलला.

सिंधू माझ्याकडे बघत होती. मी आबासाहेबांकडे वळले. एवढा मोठा साक्षीदार समोर असताना मी कागद कशाला नाचवत होते? "आबासाहेब, आपण स्वतः पूजा केलीत. आवाज नाही, असं आपणच म्हणालात. बटणावर कुंकू लावलंत. चला ना, दाखवते, अजून असेल."

सगळे माझ्यामागून सर्व्हरच्या खोलीत आले. कपाटाचा दर्शनी भाग लख्ख पुसलेला होता. ओल्या फडक्यानं पुसल्याचे पांढरट फराटे तेवढे वाळून राहिले होते. ज्या माणसानं वर्षभरात त्या कपाटावरची धूळ कधी झटकली नव्हती, त्यानं एक बोट कुंकू पुसून काढलं होतं. बोंद्रे साहेब छताकडे बघत होते.

"आबासाहेब, तुम्ही तरी सांगा," मी म्हणाले.

आबासाहेबांनी वकिलांकडे पाहिलं. मग सर्व्हरकडे. मग सावकाश म्हणाले, "पूजा केली खरी. बंद होतं का चालू, मला काही आठवत नाही बाई. वय झालं."

ज्यांना पन्नास वर्षांपूर्वीच्या लेथचा नंबर पाठ होता, त्यांना आठवत नव्हतं.

केबिनमध्ये परत आल्यावर सिंधूला बाहेर बसवलं आणि निकाल तिथंच ठरला. माफीनामा लिहून द्यायचा, ‘माझ्या हलगर्जीपणामुळे रुग्णास विलंब झाला’ असं कबूल करायचं, म्हणजे मंडळ मोठ्या मनानं नोकरी ठेवेल. बाकीचे निघाल्यावर आबासाहेबांनी मला थांबवून घेतलं. आवाज अगदी मायेचा होता.

"तू हुशार आहेस, म्हणून सांगतो. त्या उंब्रजच्या बाईच्या नवऱ्यानं ग्राहक मंचात दावा टाकलाय. यंत्र चुकलं म्हटलं की मंडळ चुकलं. पोरगी चुकली म्हटलं की पोरगी चुकली. मंडळावर किती घरं चालतात, बघ तूच. आणि तिची नोकरी कुठं जातीय? एक कागद तर लिहायचाय."

"आणि तुम्हाला सगळं आठवतंय."

ताटातलं एक सुकं पान उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "सोनं घे. सोन्यासारखी राहा."

ते पान मी चिमटीत धरलं. बोंद्रे साहेबांची किल्ली बरी, असं वाटलं. ती निदान त्यांच्याच कानातली होती.

सिंधू खाली बोर्डासमोरच्या बाकावर बसली होती. मांडीवर कोरा कागद आणि पेन, तिला कुणीतरी आणून दिलेलं. शेवाळे मामा स्टुलावर चढून बोर्डाकडे टीव्हीच्या रिमोटसारखं काहीतरी धरून उभे होते. बटण दाबलं. आकडा एकानं वाढला.

"मामा, हे काय?" मी विचारलं.

"रोजचंच की मॅडम. सकाळी ड्युटीवर आलो की एक दाबायचा. आज यायला उशीर झाला."

"हा बोर्ड सर्व्हरला जोडलेला नाही?"

"न्हाई ओ. आल्यापासनं मीच वाढवतोय. सायबांनी रिमोट दिलाय."

वर्षभर या आकड्यापायी मला सर्व्हर बंद करू दिला नव्हता! सिंधूनं मान वर केली.

"मामा, खंडेनवमीला बंदच हुतं न्हवं मशीन?"

"बंदच की पोरी. हार मीच आणला हुता."

"मग त्या दिवसाचा आकडा?"

"टाकला की. मशीन बंद हुतं, बोर्ड कुठं बंद हुता?" मामा स्टुलावरून उतरले आणि रिमोट खिशात घालून आपल्या कामाला गेले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सिंधूनं कोरा कागद नीट चार घड्या घालून बाकावर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. "मॅडम, त्या बाईची माफी मी मागनार हाय. आदीच जायाला पायजे हुतं. पर चूक माझी हुती असं ल्ह्यायची न्हाई. उंब्रजची यष्टी कवा हाय ओ?"

"थांब," मी म्हणाले. "मीही येते."

माझ्या हातातलं आपट्याचं पान मी त्या कागदावर ठेवलं आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. मी नोकरीवर परत गेले ती राजीनामा द्यायला. सिंधूनं तेवढंही केलं नाही.

उंब्रजला त्या बाईच्या नवऱ्यानं आम्हाला आधी दारातच उभं ठेवलं, ते बरोबरच होतं. मग आत घेतलं. दाव्यात मी त्याच्या बाजूनं साक्षीदार झाले. तारखा पडत राहिल्या, मी दुसऱ्या शहरात दुसऱ्या कुणाचे सर्व्हर सांभाळू लागले, आणि प्रत्येक तारखेला यष्टीनं येत राहिले. माझी साक्ष झाली त्या दिवशी आबासाहेब स्वतः आले होते. पांढरेशुभ्र कपडे, पुढच्याच खुर्चीवर. शेजारी बोंद्रे साहेब.

काजूवाल्या वकिलांनी मला विचारलं, "खंडेनवमीला सर्व्हर बंद होता, हे तुमच्याशिवाय आणखी कुणी पाहिलंय?"

"हो."

"कुणी?"

"ज्यांनी त्याच्या बटणावर अंगठ्यानं कुंकू लावलं, त्यांनी."

मी नाव घेतलं नाही. बोटही दाखवलं नाही. पण खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. मागच्या बाकावर उंब्रजची ती बाई आणि सिंधू शेजारी बसल्या होत्या, त्यांनीही पाहिलं.

आबासाहेबांनी उजवा अंगठा हळूच मुठीत घेतला.